सातारच्या मुलीची मुष्टियुद्धाची वही

शाळेचा ‘प्रकल्प’ ही वस्तू आता मध्यमवर्गीय घराला चांगली परिचयाची झाली आहे. आदल्या रात्री त्याची आठवण होते. दुकान बंद व्हायच्या आत वडील कार्डशीट आणायला धावतात, आई चित्रे कापते, आणि सकाळी चिरंजीव ‘माझे निष्कर्ष’ घेऊन ऐटीत शाळेला निघतात. निष्कर्ष कुणाचे, हे गुरुजी विचारीत नाहीत. त्यांच्याही घरी मुले असतातच!

म्हणूनच साताऱ्यातल्या आमच्या परिचयाच्या एका नववीतल्या मुलीची हकीकत वाचकांना सांगावीशी वाटते. तिच्या वर्गाला वर्षभराचा प्रकल्प होता. जूनमध्ये विषय घ्यायचा आणि मार्चमध्ये वही द्यायची. कुणी पावसाची मोजदाद घेतली, कुणी कास पठारावरची फुले. हिने घेतले बॉक्सिंग! आजीने कपाळाला हात लावला. वर्गशिक्षिकांनी मात्र रास्त प्रश्न केला : “बॉक्सिंगचा आणि आपल्या मातीचा संबंध काय? त्यापेक्षा कुस्ती घे की!” त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यातच पोरीचे वर्ष गेले.

प्रथम ती माझ्याकडे आली ती शब्दांसाठी. “काका, जॅबला मराठीत काय म्हणतात? आणि हुकला?” मी मराठीचा अध्यापक; पण मला उत्तर देता येईना. मराठीत मारणे या क्रियेची काही वाण नाही. बुक्की आहे, गुद्दा आहे, ठोसा, रट्टा, धपाटा, चपराक आहे, आणि विनोदाने वाढायचे मुष्टिमोदकही आहेत. पण हे सगळे रागाच्या भरात बसणारे मार. कोन साधून, पाऊल टाकून, मोजून दिलेल्या ठोशाला आपल्याकडे वेगळे नाव नाही. उलट कुस्तीत पाहा : धोबीपछाड, कलाजंग, ढाक, घिस्सा, मोळी. प्रत्येक डावाला त्याचे नाव! ज्या विद्येला गावोगाव तालीम मिळाली आणि जत्रेत फड मिळाला, तिची भाषा आपोआप तयार झाली. बॉक्सिंग आपल्याकडे आले छावणीतून, आणि येताना आपले इंग्रजी शब्द बरोबर घेऊन आले.

मुठीची लढत आपल्याला अपरिचित होती असे मात्र नव्हे. कंसाच्या दरबारी चाणूराबरोबर जो मल्ल होता त्याचे नावच मुष्टिक. त्याला बलरामाने मारले. म्हैसूरच्या दसऱ्यात जेट्टी मल्ल मुठीत वज्रमुष्टी घालून लढत. ग्रीकांच्या ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्ध इसवी सनापूर्वी ६८८ मध्ये दाखल झाले, असे परंपरा सांगते. पण आजचा खेळ बांधला गेला तो इंग्लंडात, १८६७ साली क्वीन्सबेरीच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या नियमांनी. हातमोजे आले, तीन मिनिटांची फेरी आली आणि पडलेल्याला उठायला दहा सेकंदांची सवड आली. मुलीला सर्वांत गंमत वाटली ती एका गोष्टीची : ज्याला ‘रिंग’ म्हणतात ते वर्तुळ नसून चक्क चौकोन असतो! आपली वर्तुळाकार आकृती तिने खोडून काढली, पण खाडाखोड वहीत तशीच ठेवली.

मग ती वळली लष्कराकडे. सातारा जिल्हा हा शिपायांचा. जवळच्या एका गावाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात, आणि देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच निघाली. जकार्ताच्या १९६२ च्या आशियाई स्पर्धांचा निकाल तिने काढला, आणि तिथे तिला आपल्या विषयाचा धागा सापडला. त्या स्पर्धांत सांगली जिल्ह्यातल्या कवठेपिरानच्या मारुती माने यांनी कुस्तीत सुवर्णपदक घेतले, तर मुष्टियुद्धात भारताला पहिले आशियाई सुवर्णपदक मिळवून दिले ते पदम बहादूर मल्ल या लष्करी जवानाने. कुस्तीपटू गावच्या तालमीतून येत होता आणि मुष्टियोद्धा पलटणीतून!

दिवाळीच्या सुटीत ती सांगलीला मामांकडे गेली, आणि वाटेवरच्या पेठ गावी उतरली. शिक्षिकांच्या प्रश्नाचे उत्तर तिथे होते. मुरलीकांत पेटकर यांचा जन्म इस्लामपूरजवळच्या याच पेठचा, १९४४ सालचा. लहानपणी कुस्तीचा नाद, पुढे लष्कर, आणि लष्करात मुष्टियुद्ध. १९६४ साली टोकियोत सेनादलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ते या खेळात उतरले. पुढच्याच वर्षी पाकिस्तानशी युद्ध झाले. त्यात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. ठोसा मारणारे पाय गेले, असे या मुलीने वहीत लिहिले आहे. पहिल्या वाचनाला मला ते वाक्य चुकीचे वाटले. तिने समजावून सांगितले, “काका, ठोशाचा जोर पायांतून येतो. हात फक्त पोचवतो.”

पायांवाचून पेटकरांनी मग पाणी जवळ केले. १९७२ साली जर्मनीत हायडलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी ३७.३३ सेकंदांची विक्रमी वेळ देऊन सुवर्णपदक मिळवले. त्या स्पर्धांतले ते भारताचे पहिले सुवर्णपदक. पद्मश्री मिळाली २०१८ साली, म्हणजे ४६ वर्षांनी. त्यांच्यावरचा ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट २०२४ मध्ये आला, आणि अर्जुन पुरस्कार हाती पडला तो जानेवारी २०२५ मध्ये, वयाची ऐंशी उलटल्यावर.

याच पानासमोर तिने खाशाबा जाधवांचे पान लावले आहे. कऱ्हाडजवळचे गोळेश्वर ते पेठ ही जेमतेम तासाभराची वाट. १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक खाशाबांनी आणले. १९८४ साली अपघातात ते गेले. त्यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तो मरणोत्तर, २००० सालचा. दोन्ही पानांच्या खाली तिने वजाबाकी मांडली आहे, टीका एका शब्दाचीही नाही. पण ती वजाबाकी वाचताना माझ्यासारख्या साताऱ्याच्या माणसाला मान खाली घालावी लागते.

शेवटचे प्रकरण आजीचे! “डोक्याला मार बसतो, त्याचे काय?” हा तिचा प्रश्न नातीने टाळला नाही. वारंवार मार खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूला कायमची इजा होते, हे अमेरिकेतले डॉक्टर मार्टलंड यांनी १९२८ सालीच लिहून ठेवले आहे. शिरस्त्राणाने जखम टळते, पण आत मेंदूला बसणारा हिसका टळत नाही, असे तज्ज्ञ सांगतात. हे सारे तिने लिहिले, आणि त्याच पानावर लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकचीही नोंद केली. स्त्रियांचे मुष्टियुद्ध तिथे प्रथम आले आणि मेरी कोमने कांस्यपदक घेतले.

वही मार्चमध्ये दिली गेली. त्यानंतर तिने घरी हळूच विचारले, “मी शिकू का?” घरात अजून एकमत नाही. वडिलांनी दोरीवरच्या उड्या आणि वाळूच्या पोत्यावरचा सराव मंजूर केला आहे; समोरासमोरच्या लढतीचा निर्णय डॉक्टरांना विचारून व्हायचा आहे. आजी म्हणते, “माझा प्रश्न तिने लिहून घेतला, आता तिचे मलाही ऐकले पाहिजे.”

वाचकहो, यंदा फराळाला मंडळी जमली की घरातल्या मुलांना एक वही आणि पेन्सिल द्या, आणि थोरांना विचारायला लावा : आपल्या गावचे कोण कुठे जिंकून आले होते? उत्तरे साठ-सत्तर वर्षांपूर्वीची निघतील. ती सांगणारी माणसे आज चकली खात समोर बसली आहेत, तोवर लिहून घ्यावीत.