ताकातला पालक आणि मुतखडा

अळू चिरायला घेण्याआधी जाणत्या बायका हाताला तेल नाहीतर चिंचेचा कोळ चोळतात, नाहीतर हात खाजत राहतात. त्या पानाचा कपटा सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर पेशींमध्ये जुड्या बांधून ठेवलेल्या सुया दिसतात. पान कुणी खाऊ नये म्हणून झाडाने पाजळून ठेवलेली ही हत्यारं कॅल्शियम ऑक्झलेटची असतात. माणसाच्या मूत्रपिंडात होणारे बहुतेक खडेही याच पदार्थाचे! त्याच्या एका रूपाचं नाव वेडेलाइट. अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्राच्या तळच्या गाळात ते सापडलं, म्हणून हे नाव. परसातला अळू, बर्फाळ समुद्राचा तळ आणि आपली कंबर, तिन्हीकडे पदार्थ एकच.

खडा धरतो कसा, हे खडीसाखरेकडून शिकावं. दाट पाकात दोरा सोडला की त्यावर स्फटिक चढू लागतात. तोच पाक पाणी घालून पातळ केला, तर दोरा कोराच राहतो. लघवीचंही तसंच. म्हणून खडा होऊन गेलेल्यांना सांगतात, दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या. हिशेब प्यायलेल्या पाण्याचा नाही, बाहेर पडणाऱ्या लघवीचा! वैशाखात बरंचसं पाणी घामावाटेच जातं, तेव्हा तांब्या मोजण्यापेक्षा लघवीचा रंग फिका आहे ना, ते पाहावं.

आता खरी गंमत. खडा कॅल्शियमचा, म्हणजे दूध-दही बंद, असं कुणालाही वाटेल. डॉक्टरही वर्षानुवर्षं तेच सांगत. इटलीत लोरिस बोर्गी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांचे दोन गट केले. एका गटाचं कॅल्शियम कमी केलं. दुसऱ्याचं नेहमीइतकंच ठेवलं, पण मीठ आणि मांस कमी केलं. पाच वर्षांचा निकाल २००२ साली प्रसिद्ध झाला: पहिल्या गटात साठातल्या २३ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्यात फक्त १२ जणांना.

असं कसं? सगळा खेळ भेटीच्या जागेचा आहे. ऑक्झलेटला कॅल्शियम आतड्यातच भेटलं, तर दोघं एकमेकांना घट्ट धरतात आणि शौचावाटे निघून जातात. जेवणात कॅल्शियम नसलं, तर मोकळं ऑक्झलेट रक्तात शिरतं, मूत्रपिंडात पोचतं, आणि तिथे त्याला कॅल्शियम भेटतंच. आतड्यातली भेट निरुपद्रवी. मूत्रपिंडातली भेट म्हणजे खडा.

मिठाचा यात काय संबंध? मूत्रपिंड जादा सोडियम बाहेर टाकतं, तेव्हा त्याच्यामागून कॅल्शियमही लघवीत जातं. म्हणजे पापड-लोणच्यात उघड कॅल्शियम नसलं, तरी ते लघवीतलं कॅल्शियम वाढवतात. लिंबाचं नेमकं उलट. त्यातलं सायट्रेट लघवीतल्या कॅल्शियमला आधीच धरून ठेवतं, मग ऑक्झलेटच्या वाट्याला कमी उरतं. सरबत प्यावं, फक्त मीठ-साखरेचा हात आखडता ठेवून.

आणि टोमॅटोच्या बिया? त्या खाल्ल्या की खडा होतो, हे घरोघरी सांगतात. पण बी आतड्यातून मूत्रपिंडात जायला वाटच नाही, आणि टोमॅटोत ऑक्झलेटही पालकाच्या मानाने अगदी थोडं. पालक मात्र ऑक्झलेटने भरलेला. उकडून पाणी टाकून दिलं, तर त्यातलं विरघळणारं ऑक्झलेट बरंचसं निघून जातं.

सगळेच खडे या जातीचे नसतात. काही यूरिक आम्लाचे असतात, त्यांचं पथ्य वेगळं. म्हणून पडलेला खडा फेकू नये, तपासायला द्यावा. कॅल्शियमच्या गोळ्याही मनाने घेऊ नयेत. हा सगळा हिशेब जेवणातल्या कॅल्शियमचा आहे.

एवढं कळल्यावर ताकातल्या पालकाकडे पाहा. ऑक्झलेटची भाजी आणि कॅल्शियमचं ताक एकाच पातेल्यात. ज्या भेटीसाठी इटलीत पाच वर्षं लोकांचं जेवण मोजलं, ती आपल्याकडे फोडणी देऊन, पानात वाटीभर वाढली जाते.