वर जाणे सोपे, उतरणे अवघड



बीदर जिल्ह्याच्या हुमनाबाद तालुक्यात जलसंगी नावाचे गाव आहे. जानेवारी २०२५ मध्ये एका पहाटे तेथील एका घरावर आकाशातून एक अवाढव्य फुगा आणि त्याला जोडलेले यंत्र येऊन पडले. गाव घाबरून गेले. पुढे उलगडा झाला, की ही सामग्री टाटा मूलभूत संशोधन संस्थेची असून हैदराबादेहून सोडलेली होती. त्यानंतर वर्गात एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, यंत्र इतक्या उंचावरून येते, तर ते दगडासारखे का आदळत नाही?” प्रश्न मोठा मार्मिक आहे.

प्रथम वर जाण्याचा विचार करू. लाकूड पाण्यावर तरंगते, तसा हलक्या हायड्रोजन वायूने भरलेला फुगा हवेत तरंगतो. हे संशोधनाचे फुगे ३० ते ४२ किलोमीटर उंची गाठतात. त्याच्या फार वर मात्र त्यांना जाता येत नाही. कारण तरंगण्यापुरती हवाच तेथे उरत नाही.

तेथून पुढचा प्रवास अग्निबाणाचा. नावेतून काठावर उडी मारली की नाव मागे सरते, हे आपण पाहिले असेल. अग्निबाणातून तप्त वायू वेगाने मागे फेकला जातो आणि अग्निबाण पुढे सरकतो. त्याला हवेचा आधार लागत नाही. जळणासाठी लागणारा प्राणवायूही तो आपल्याबरोबरच नेतो. निर्वात अवकाशात सुकाणू निरुपयोगी ठरते. म्हणून यानाला दिशा बदलायची असेल, तर लहान झोतयंत्रांनी एका बाजूस वायू सोडावा लागतो.

आता उतरण्याचे पाहू. फुग्यापासून सुटलेले यंत्र हवाई छत्रीने उतरते. छत्रीत हवा अडते आणि वेग मंदावतो. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर हेच. परंतु चंद्रावर हवा नाही. तेथे छत्री काय कामाची? तेथे गतीच्या विरुद्ध दिशेने इंजिनाचा झोत सोडूनच वेग आवरावा लागतो. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ च्या वेळी तो हवा तसा आवरला गेला नाही आणि ‘विक्रम’ चंद्रावर आदळला. चुका शोधून, सुधारणा करून २३ ऑगस्ट २०२३ रोजी दुसरा ‘विक्रम’ उतरला. चंद्रापासून ३० किलोमीटर उंचीवर त्याचा वेग ताशी सुमारे ६,००० किलोमीटर होता. अवघ्या १९ मिनिटांत तो चालत्या माणसाच्या वेगाइतका खाली आणला गेला. उतरण्यापूर्वी यान क्षणभर अधांतरी थांबले, खाली खड्डे-धोंडे नाहीत ना हे त्याने पाहिले, आणि मगच पाय टेकले.

एक व्यावहारिक सूचना करतो. आपल्या शेतात असे एखादे यंत्र उतरलेले दिसले, तर भिऊ नका. पण त्याला हातही लावू नका. काही यंत्रांत उच्च दाबाची वीज असते, आणि छेडछाड केल्यास मोलाची शास्त्रीय माहिती नष्ट होते. मुलांना दूर ठेवून पोलिसांना कळवावे. उतरण्याचे हे अवघड काम शेवटी आपल्या हातूनच पुरे व्हायचे असते.