डोळ्यातली औषधाची कांडी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

साखरेमुळे डोळ्याच्या पडद्याला सूज आली आणि डॉक्टरांनी आत औषध सोडायला सांगितले, की घरचे विचारतात, ‘थेंबांनी नाही का भागणार?’ नाही भागणार. थेंबातले पाच टक्क्यांहूनही कमी औषध बुबुळातून आत शिरते. बाकीचे गालावर ओघळते, नाकात उतरते. मागच्या पडद्यापर्यंत जवळजवळ काहीच पोचत नाही. जेलचे थेंब पृष्ठभागावर जास्त वेळ टिकतात, म्हणून काचबिंदूसाठी टिमोलॉलचे जेल दिवसातून एकदा पुरते; पडद्याची सूज मात्र त्याने उतरत नाही.

सुईने डोळा जातो, ही भीतीही मोठी. डोळा बधिर करून पांढऱ्या भागातून सुई घालतात. जंतुसंसर्ग क्वचितच होतो. पण नंतर डोळा लाल झाला, दुखला किंवा अंधुक दिसू लागले, तर त्याच दिवशी दाखवायलाच हवे.

सुईतून आत सोडतात ती औषधाची कांडी; ती म्हणजे भिंग नव्हे. डेक्सामेथासोनची कांडी जेमतेम साडेसहा मिलिमीटर लांब असते आणि तिच्यात ०.७ मिलिग्रॅम औषध असते. अमेरिकेत तिला २००९ मध्ये मान्यता मिळाली. ती हळूहळू विरघळते, तिचे शेवटी पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होते. त्यामुळे काढावी लागत नाही. १९९६ मध्ये आलेली गॅन्सिक्लोव्हिरची कांडी मात्र विरघळणारी नव्हती.

सर्वांत घातक समज वेगळाच आहे : ‘कांडी बसवली, आता सहा महिने दवाखाना नको.’ बहुतेकांत तिचा असर तीन-चार महिन्यांत ओसरू लागतो. शिवाय हे स्टिरॉइड आहे. त्याने अनेकांच्या डोळ्यातला दाब वाढतो, बहुधा दुसऱ्या महिन्याच्या आसपास, आणि तो दुखून कळत नाही. थेंबांनी तो बहुतेकदा आटोक्यात येतो, पण आधी मोजला तर पाहिजे! हंगामासाठी बाहेर जाणाऱ्यांचे नेमके तेच राहून जाते. बीडचे ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच, परततात. निघण्याआधी कांडी बसवली, तर दाब वाढण्याचे दिवस नेमके फडात येतात.

म्हणून अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात दाखवताना आपण कुठे, किती महिने जाणार ते आधी सांगा. काचबिंदू असेल तर तोही सांगा. दाब तपासायची तारीख लिहून घ्या, कारखान्याजवळचा नेत्र दवाखाना विचारून ठेवा आणि कागद सोबत न्या.