गाडी थांबवा, रस्त्यावरून लोखंडी गोळा येतोय! आयर्लंडचं ‘रोड बोलिंग’ नेमकं काय असतं?

समजा, तुम्ही आयर्लंड फिरायला गेलात. रविवारी कॉर्क परगण्यातल्या एका अरुंद रस्त्याला लागलात, तर वळणावर शे-दोनशे माणसं रस्ता अडवून उभी. आधी मोर्चा वाटतो, मग अपघात. तेवढ्यात कुणीतरी हात करून गाडी थांबवतं आणि समोरून एक लोखंडी गोळा घरंगळत येतो.

हे रोड बोलिंग. कॉर्क आणि उत्तर आयर्लंडमधलं आर्मा हे याचे दोन बालेकिल्ले. आर्मामध्ये याच खेळाला ‘बुलेट्स’ म्हणतात.

गोळा क्रिकेटच्या चेंडूपेक्षा लहान, पण वजन २८ औंस, म्हणजे जवळपास ८०० ग्रॅम. चेंडूच्या पाचपट! मैदान म्हणजे रोजच्या रहदारीचा साधारण ४ किलोमीटरचा रस्ता. गोळा थांबेल तिथून पुढची फेक. कमीत कमी फेकींत शेवट गाठणारा जिंकला.

सोपं वाटतं ना? पण रस्ता कुठे सरळ असतो! म्हणून खेळाडूचा एक माणूस पुढे जाऊन पाय फाकवून उभा राहतो, नेम दाखवायला. रस्त्यावर गवताची जुडीही ठेवतात. वळण आलं की गोळा थेट हवेतून, कोपऱ्यावरच्या कुंपणापलीकडे टाकायचा. याला ‘लॉफ्ट’ म्हणतात. प्रेक्षक रस्त्यातच उभे असतात आणि गोळा जवळ आला की ऐनवेळी बाजूला होतात. नवख्या माणसाचा जीव टांगणीला लागतो, त्यांना मात्र सवय आहे.

या खेळातलं सगळ्यात मोठं नाव मिक बॅरी. कॉर्कजवळ चेटविंड नावाचा सुमारे ३० मीटर उंच रेल्वेपूल आहे. १९५५ मध्ये बॅरीने १६ औंसांचा गोळा त्यावरून पलीकडे टाकला. २८ औंसांचा गोळा त्या पुलावरून जायला १९८५ साल उजाडलं.

खेळाची संघटना १९५४ पासून आहे, महिलांच्या स्पर्धाही होतात. तरी खरी चुरस पैजांमुळे येते. रस्त्याच्या कडेला उभं राहून लोक रोख पैसे लावतात.

अडचण एकच, गाड्यांची. गल्ली क्रिकेटसारखंच, गाडी आली की खेळ थांबतो. रहदारी वाढली तशी शांत रस्त्यांची शोधाशोध वाढली. त्यामुळे तिकडे गेलात आणि कुणी हात केला, तर हॉर्न वाजवू नका. इंजिन बंद करून खाली उतरा. गोळ्याच्या रेषेत मात्र उभे राहू नका.