ओळख परेड आणि वकिलाचा हक्क

दिग्रससारख्या तालुक्याच्या गावी अनोळखी दरोडेखोर पकडला गेल्यास साक्षीदाराकडून त्याची ओळख पटवून घेण्याच्या प्रक्रियेला ओळख परेड म्हणतात. महाराष्ट्रात ती पोलिसांनी नव्हे, तर कार्यकारी दंडाधिकाऱ्याने पंचांसमक्ष घ्यायची असते आणि एका संशयितासोबत त्याच्याच वयाची व अंगकाठीची किमान सहा माणसे उभी करायची असतात. संशयिताला रांगेतील जागा व कपडेही बदलता येतात.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये दोषारोपानंतरच्या परेडला वकील हजर असण्याचा हक्क मान्य केला. भारतीय संविधानाचा अनुच्छेद २२ अटकेतील व्यक्तीला वकिलाच्या सल्ल्याचा हक्क देतो, परंतु परेडच्या वेळी वकील असलाच पाहिजे, असे सांगत नाही. ही उणीव गंभीर आहे, कारण ठाण्यात संशयिताचा चेहरा साक्षीदाराला आधीच दिसला असेल, तर ती ओळख कवडीमोल ठरते, पण परेडच्या वेळी त्यावर आक्षेप घ्यायला वकीलच नसतो. कोठडीतील व्यक्तीच्या नातेवाइकांनी मोफत वकिलासाठी विधी सेवा समितीकडे परेडपूर्वीच अर्ज करावा.