आधी पाणी, मग चरबी

जळगाव-धुळ्याकडचं ताट म्हणजे कळण्याची भाकरी, वरण-बट्टी आणि पाहुणे आले की खापरावरचे मांडे. वर रावेर-यावलची केळी आहेतच. अशा ताटातून भाकरी-बट्टी एकदम बंद केली, की चार-पाच दिवसांत काटा दोन किलोंनी खाली येऊ शकतो. मग घरात आनंदाचे पेढे. (तेही साखरेचेच!)

उतरलेलं असतं ते मुख्यतः पाणी.

शरीर पिष्टमय पदार्थांतली साखर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठवतं. मोठ्या माणसात हा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो आणि त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. भाकरी थांबली की साठा खर्च होतो, पाणी मोकळं होतं. शिवाय इन्शुलिन कमी झाल्यानं मूत्रपिंडं जास्त मीठ बाहेर टाकतात, त्यामागोमाग पाणीही जातं. म्हणून पहिल्या आठवड्यात १ ते ३ किलो घटले तर नवल नाही.

चरबी मात्र चिवट. किलोभर चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. रोज ५०० कमी खाल्ल्या तरी आठवड्याला जेमतेम अर्धा किलो. तिसऱ्या आठवड्यात काटा अडला म्हणजे पथ्य फसलं, असं नव्हे. लग्नात मांड्यांवर ताव मारल्यावर दुसऱ्या दिवशी दिसणारी किलोभर वाढही बहुतेक पाण्याचीच.

खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. घामातून मीठ-पाणी आधीच जात असताना हे पथ्य धरलं, तर चक्कर आणि पायात गोळे येऊ शकतात. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांकडून डोस आधीच तपासून घ्यावा.