बालपरवेशीच्या कागदात सापडलेलं घर

पेशव्यांच्या फौजेत आमचा पूर्वज होता, असं सांगणारी घरं महाराष्ट्रात गावोगाव आहेत. त्याला कागदाचा आधार शोधायचा म्हटलं की बहुतेक जण बखरी आणि सरदार घराण्यांचे इतिहास उघडतात. तिथे साध्या स्वाराचं नाव लागत नाही. माझ्या अनुभवाने सांगते, हा शोध लढाई संपल्यानंतरच्या कागदांत घ्यावा. घरचा कर्ता पडल्यावर मागे राहिलेल्यांना सरकारातून काय मिळालं, त्या नोंदीत तो स्वार बायकामुलांसकट भेटतो.

मराठी राज्यात लढाईत कामास आलेल्या माणसाच्या मुलाबाळांच्या पोषणासाठी जी नेमणूक होई, तिला बालपरवेशी म्हणत. ती कधी रोख असे, कधी जमिनीच्या रूपाने. ती हवी असेल तर माणूस कोण, कुठे पडला, कोणाच्या पथकात किंवा पागेत होता, मागे खाणारी तोंडं किती, हे हुजुरात कळवावं लागे. फौजेच्या हजिरीत माणूस एका ओळीपुरता येतो, बालपरवेशीत त्याचं घर येतं.

आमचं गाव वाई तालुक्यातलं. ‘आपले एक आजे पानिपतावर गेले,’ असं आजी सांगायची. नाव तिला ठाऊक नव्हतं. बँकेतली नोकरी संपल्यावर मी मोडी शिकले आणि शोधाला लागले. पहिला धागा घरातच मिळाला. चुलतआजोबांच्या ट्रंकेत गावच्या जमिनीची इंग्रजी अमदानीतली सनद होती. मुंबई सरकारने १८६३ मध्ये इनाम जमिनींचा निकाल लावण्यासाठी दोन कायदे केले आणि त्यांखाली हजारो इनामदारांना सनदा दिल्या. अशी सनद घरात असेल तर तिच्यावरचं गाव, जमिनीचं क्षेत्र आणि धारकाचं नाव नीट उतरवून घ्यावं. शोध नेहमी जवळच्या पिढीकडून मागे न्यावा. तीनशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या नामवंत वीरापासून सुरुवात करून खाली आपल्यापर्यंत यायला गेलं, की मधल्या पिढ्या कल्पनेनेच भरल्या जातात.

सनदेच्या मागे इनाम कमिशन उभं असतं. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१८ च्या जाहीरनाम्यात वतनं, इनामं, वर्षासनं चालू ठेवण्याचं वचन दिलं. पुढे इंग्रज सरकारने हे सगळे हक्क तपासायला घेतले आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला जबर अधिकार मिळाले. ज्याला हक्क सिद्ध करता आला नाही, त्याची जमीन गेली. दख्खनेत आणि दक्षिण महाराष्ट्रात त्या चौकशीने मोठा असंतोष माजला. आज वंश शोधणाऱ्याला मात्र तिचेच कागद उपयोगी पडतात. प्रत्येक दावेदाराला आपली कैफियत द्यावी लागली, मूळ इनाम कोणाला आणि कशाबद्दल मिळालं ते सांगावं लागलं, आणि त्याच्यापासून आपल्यापर्यंतची वंशावळ जोडावी लागली. कोण दत्तक आला, कोणाचा वंश खुंटला, कोण वेगळा निघाला, सारं त्यात येतं.

हे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. लोक त्याला अजून पेशवे दफ्तरच म्हणतात. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात इथल्या निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. पण दफ्तराच्या पसाऱ्यापुढे तेवढं छापील म्हणजे थोडकंच. बाकीचे कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. अर्ज करताना आडनाव सांगून फारसं काही हाती लागत नाही. त्या काळचा प्रांत, परगणा, तर्फ आणि मौजे सांगावं लागतं. आजचे तालुके त्या हद्दींशी जुळत नाहीत, म्हणून गाव पूर्वी कुठल्या तर्फेत होतं ते आधी काढून ठेवावं.

आमच्या गावची कैफियत मिळाली. तिच्यात वीस बिघे जमीन बालपरवेशीबद्दल दिल्याचं लिहिलं होतं आणि कारण होतं राक्षसभुवनची लढाई. त्यावरून पेशवेकालीन मूळ नोंदीपर्यंत जाता आलं.

मोडीत शिरोरेघ आधी ओळभर ओढतात आणि अक्षरं तिला टांगत जातात. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. नवख्या वाचकाने म्हणून ओळखीच्या खुणा धराव्यात. ‘मौ.’ दिसलं की पुढे गावाचं नाव. ‘बिन’ दिसलं की अलीकडे मुलगा, पलीकडे बाप. ‘कोम’ दिसलं की अलीकडे बायको, पलीकडे नवरा. आडनाव बहुधा नसतंच. म्हणून एकट्या नावावर विसंबू नये. नाव, बापाचं नाव आणि गाव या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच माणूस आपला मानावा.

मग तारीख. आमच्या नोंदीवर ‘छ ११ साबान, अर्बा सितैन मया व अलफ’ असं आहे. ‘छ’च्या पुढे चंद्राची तारीख येते आणि नंतरचे शब्द शुहूर सनाचे. अर्बा म्हणजे चार, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, बेरीज ११६४. हे साल मृगाला सुरू होतं. तारीख मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतची असेल तर सालात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतची असेल तर ६००. साबान त्या साली फेब्रुवारीत आला होता, म्हणून इसवी सन १७६४. माधवराव पेशव्यांनी गोदाकाठी राक्षसभुवनला निजामाच्या फौजेचा पराभव केला, तो १० ऑगस्ट १७६३ ला. म्हणजे लढाईनंतर सुमारे सहा महिन्यांनी हा निर्णय झाला. पानिपत १४ जानेवारी १७६१ चं, शुहूर ११६१ मधलं. आजीच्या गोष्टीतला माणूस खरा होता, लढाई तेवढी दुसरी निघाली.

तो हुजुरातीच्या पागेत बारगीर होता. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई, बारगिराला घोडा सरकारचा असे. म्हणजे हे घर घोडा बाळगण्याइतकं सधन नव्हतं. मागे म्हातारी आई, बायको आणि दोन मुलगे, एक पाच वर्षांचा आणि एक अंगावर पिणारा. त्या पिणाऱ्या मुलाचा वंश म्हणजे आम्ही. कैफियतीच्या वंशावळीत एकाही बाईला जागा नाही. बालपरवेशीच्या नोंदीत त्याची बायको आहे, जमीन तिच्या हवाली झाली आहे, आणि तिचं नावही आहे. आमच्या घराण्यातल्या तिच्याहून जुन्या एकाही बाईचं नाव आम्हाला माहीत नाही. माझ्या लेखी या सगळ्या शोधात याहून मोलाचं काही हाती लागलेलं नाही.

ज्यांचे पणजोबा इंग्रजांच्या पलटणीत होते, त्यांनाही हाच मार्ग आहे, फक्त ठिकाणं वेगळी. पहिल्या महायुद्धातलं पदक घरात असेल तर त्याची कड भिंगाखाली धरा. शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण तिथे कोरलेली असते. १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या मराठा पलटणी १९२२ मध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत एकत्र आल्या, त्यामुळे त्यानंतरच्या कागदांत पलटणीचा आकडा बदललेला दिसेल. मराठा रेजिमेंटचं अभिलेख कार्यालय बेळगावला आहे. युद्धात मरण पावलेल्यांची नावं राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत पाहता येतात आणि पुष्कळांच्या नोंदीत बापाचं नाव व गावही मिळतं. पेन्शनचं पुस्तक किंवा डिस्चार्जचा कागद असेल तर वारस म्हणून कोणाचं नाव लावलं आहे, ते पहिल्यांदा वाचा.

वाचकांना एवढंच सांगणं आहे. वाडा पाडताना, वाटण्या होताना, जुनी ट्रंक रिकामी करताना मोडीतले कागद ‘वाचता येत नाहीत’ म्हणून रद्दीत घालू नका. त्यांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. सपाट ठेवा, उजेडात फोटो काढा आणि मोडी वाचणाऱ्या माणसाला दाखवा. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. घरातल्या एकाने तरी ते करावेत. आपल्या घरातल्या ज्या बाईने नवरा पडल्यावर मुलं वाढवली, तिचं नाव कदाचित त्याच एका कागदावर असेल.